पाव नॅनोसेकंद ते दोनशे नव्वद वर्षं

इरिडियमचा आयन पाण्यात असला की त्याच्याभोवती पाण्याचे सहा रेणू चिकटून बसतात: चार बाजूंना चार, एक वर, एक खाली. त्यातल्या एखाद्या रेणूनं उठून आपली जागा दुसऱ्या रेणूला द्यायला, २५ अंश सेल्सिअस तापमानाला, सरासरी सुमारे २९० वर्षं लागतात. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली त्या सुमारास जो रेणू तिथे येऊन बसला असेल, त्याचा मुक्काम सरासरीच्या हिशेबानं आत्ता कुठे हलायच्या बेताला आला असता. तांब्याच्या आयनाभोवतीही पाण्याचेच रेणू असतात. तिथला मुक्काम पाव नॅनोसेकंदाचा, म्हणजे सेकंदाच्या एक अब्जांश भागाच्याही चौथ्या हिश्शाचा. दोन्हीकडे पाणी तेच, तापमान तेच, फक्त मधला धातू बदलला. मुक्कामातला फरक चारावर एकोणीस शून्यं इतक्या पटींचा.

२९० वर्षं कोणी घड्याळ लावून मोजली नाहीत, हे उघडच आहे. १९९६ साली स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या आंद्रे मेर्बाख यांच्या गटानं ऑक्सिजन-१७ या विरळ समस्थानिकाची खूण असलेलं पाणी वापरलं, द्रावण शंभर अंशांच्या आसपास तापवलं आणि रेणूंची अदलाबदल अणुकेंद्रकांचे चुंबकीय सिग्नल टिपणाऱ्या एनएमआर यंत्रावर पाहिली. तापमान उतरतं तसा वेग किती मंदावतो हे कळलं की २५ अंशांचा आकडा गणितानं निघतो. रोडियमचा मुक्काम निघतो १४ वर्षांचा, क्रोमियमचा जवळजवळ पाच दिवसांचा, ॲल्युमिनियमचा पाऊण सेकंदाचा, तीन धनभारांच्या लोहाचा सहा मिलिसेकंदांचा, निकेलचा तीस मायक्रोसेकंदांचा.

धातूभोवती असे येऊन बसणारे रेणू किंवा आयन म्हणजे लिगँड, आणि धातू व लिगँड मिळून होतं ते कॉम्प्लेक्स. हिमोग्लोबिनमधलं लोह, हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम, ब-१२ जीवनसत्त्वातलं कोबाल्ट हे सगळे याच कुळातले. पाठ्यपुस्तकं या कुळाबद्दल बोलताना बंधांच्या ताकदीवर पानंच्या पानं खर्च करतात. माझ्या मते प्रयोगशाळेत कॉम्प्लेक्स बनवणाऱ्याचा खरा सामना ताकदीशी कमी आणि वेळेशी जास्त असतो. कुठली वस्तू बाटलीत भरून लेबल लावता येईल, हे मुक्काम किती लांबीचा आहे त्यावर ठरतं.

आपल्याकडच्या बीएस्सीच्या प्रॅक्टिकलमध्ये ही गोष्ट रोज घडते, पण तिच्याकडे त्या नजरेनं पाहायची कुणाला फुरसत नसते. मोरचुदाच्या फिकट निळ्या द्रावणात ड्रॉपरनं अमोनिया टाकला की आधी निळसर पांढरा साका बसतो आणि आणखी अमोनिया घातला की तो विरघळून द्रावण गर्द निळं होतं. थेंब पडला न पडला तोच रंग आलेला असतो. पाण्याचे रेणू पाव नॅनोसेकंदाला जागा सोडत असतील तर अमोनियाला रांगेत उभं राहावं लागत नाही. मग अल्कोहोल ओतायचं, बारीक निळे स्फटिक खाली बसतात, बुकनर फनेलवर गाळायचे, वाळवायचे, वजन करून जर्नलमध्ये ईल्ड लिहायची. पण जी घाई अमोनियाला आत घेते तीच त्याला बाहेरही सोडते. हे स्फटिक उघडे ठेवले तर त्यांना अमोनियाचा वास येत राहतो आणि काही दिवसांत रंग मळतो.

क्रोमियमचं वागणं याच्या अगदी उलट. क्रोमियमच्या द्रावणात ईडीटीए टाकलं आणि काहीच झालं नाही म्हणून विद्यार्थी गडबडतो. ईडीटीएचा रेणू धातूला सहा ठिकाणी धरू शकतो, आणि क्रोमियमला तो फार घट्ट धरतो. तरीही थंड द्रावणात त्याला आत शिरता येत नाही, कारण आत बसलेलं पाणी पाच-पाच दिवस हलत नाही. म्हणून मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं की द्रावण उकळा. दहा-पंधरा मिनिटं उकळल्यावर जांभळा रंग चढतो. क्रोमियमचे तीन डी-इलेक्ट्रॉन लिगँडांच्या अधल्यामधल्या तीन जागांत एकेक असे नेमके बसलेले असतात. एखादा लिगँड बाहेर जायला निघाला किंवा सातवा आत घुसू लागला की ही घडी विस्कटते आणि त्यासाठी ऊर्जा मोजावी लागते. तांब्याच्या बाबतीत सहांपैकी दोन लिगँड मुळातच लांब ढकललेले असतात, त्यामुळे तिथली ये-जा फुकटात होते.

आता ताकदीचे आकडे. तेही काही साधे नाहीत. निकेलच्या आयनाला अमोनियाचे सहा रेणू किती घट्ट धरतात, याचा स्थिरांक चाळीस कोटींच्या घरात आहे. अमोनियाऐवजी एथिलिनडायअमाइन घ्या. त्यातही धातूला धरणारा नायट्रोजनच आहे, फक्त दोन नायट्रोजन दोन कार्बनच्या छोट्या साखळीनं एकमेकांना जोडलेले आहेत, म्हणून सहाऐवजी तीन रेणू पुरतात. स्थिरांक उडी मारून दोनावर अठरा शून्यांपर्यंत जातो, म्हणजे सुमारे ५०० कोटी पट. बंध तेवढेच, अणू तेच, साखळीनं एवढा फरक पडला. सुटलेलं एक टोक दूर भटकू शकत नाही, दुसरं टोक त्याला धातूजवळच ठेवतं. शिवाय तीन रेणू आत येऊन पाण्याचे सहा रेणू मोकळे होतात, म्हणजे द्रावणातली अव्यवस्था वाढते, आणि निसर्गाला ती हवीच असते. निकेलच्या द्रावणात अमोनिया घातल्यावर येणारा निळा रंग एथिलिनडायअमाइन घालताच जांभळा होतो, तेव्हा हे ५०० कोटी डोळ्यांदेखत घडत असतात.

याच्याही फार पुढे जीवाणू गेले आहेत. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जीवाणू लोह मिळवण्यासाठी एंटरोबॅक्टिन नावाचा रेणू तयार करून बाहेर सोडतो. हा रेणू सहा ऑक्सिजनांच्या पकडीत लोहाचा एक आयन धरतो. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीला केनेथ रेमंड यांच्या गटानं या पकडीचा स्थिरांक काढला. तो आहे एकावर ४९ शून्यं. भास्कराचार्यांच्या लीलावतीतली संख्यांची नावं परार्धापाशी, म्हणजे एकावर १७ शून्यांपाशी संपतात. इथे परार्ध गुणिले परार्ध केलं तरी १५ शून्यं उरतात. अर्थात हा आकडा एंटरोबॅक्टिनवरचे सगळे प्रोटॉन काढून टाकले आहेत असं धरून काढलेला आहे. शरीरात तसं नसतं. रक्ताइतक्या आम्लतेला, म्हणजे ७.४ पीएचला, लोहासाठी प्रोटॉनही भांडतात आणि पकड बरीच ढिली पडते. त्या ढिल्या पकडीचाच हिशेब करू.

एका लिटरमध्ये एक मायक्रोमोल लोह आणि त्याच्या दहापट एंटरोबॅक्टिन घेतलं, तर मोकळ्या लोहाचं प्रमाण इतकं खाली जातं की एक मोकळा आयन सापडायला साधारण ५२,५०० कोटी लिटर द्रावण तपासावं लागेल. ते साडेअठरा टीएमसी होतात. १०५ टीएमसीचं कोयना धरण काठोकाठ या द्रावणानं भरलं आहे असं समजा. त्यात सुमारे १६६ टन लोह विरघळलेलं असेल, आणि कुठल्याही क्षणी त्यातले मोकळे आयन असतील पाच किंवा सहा. टन नव्हे, ग्रॅमही नव्हे, नगानं मोजायचे पाच-सहा. (त्यासाठी एंटरोबॅक्टिन लागेल वीस हजार टन, तेव्हा हा प्रयोग कोणी मनावर घेऊ नये.) थॅलेसेमियाच्या रुग्णांना वारंवार रक्त दिल्यानं अंगात साठणारं जादा लोह काढायला वर्षानुवर्षं वापरलं गेलेलं डेस्फेरिऑक्सामाइन हेही जीवाणूंकडूनच आलेलं आहे. त्याच मापानं त्याची पकड पाहिली तर सुमारे साडेसहाशे लिटरमागे एक मोकळा आयन निघतो. औषध म्हणून हे पुष्कळच झालं, पण एंटरोबॅक्टिनपुढे ते किरकोळ ठरतं.

इतके प्रचंड आकडे पाहिले की माणूस सहज समजतो, घट्ट धरलेलं म्हणजे कायमचं धरलेलं. तसं नाही. निकेलभोवती सायनाइडचे चार आयन असलेलं कॉम्प्लेक्स घ्या. त्याचा स्थिरांक एकावर तीस शून्यांच्या आसपास आहे, म्हणजे मोकळं निकेल जवळजवळ शून्य. पण द्रावणात किरणोत्सारी कार्बन-१४ ची खूण असलेलं सायनाइड टाकलं, तर अर्ध्या मिनिटात कॉम्प्लेक्समधलं निम्मं सायनाइड बदललेलं असतं. जागा कधी रिकामी नसते, पण बसणारे सतत बदलत असतात. क्रोमियमच्या सायनाइड कॉम्प्लेक्समध्ये याच बदलाला २४ दिवस लागतात. आणि याची नेमकी उलट बाजू पाहायची तर कोबाल्टचं सहा अमोनियांचं नारिंगी कॉम्प्लेक्स आम्लात टाकून पाहावं. हिशेबाप्रमाणे ते टिकूच नये: आम्ल अमोनियाला ओढून नेतं आणि त्या विघटनाचा स्थिरांक एकावर सुमारे २५ शून्यं आहे. तरीही ते कॉम्प्लेक्स आम्लात दिवसचे दिवस शाबूत राहतं. मोडायचं तर आहेच, फक्त मोडायला सुरुवात कुठून करायची ते त्याला सापडत नाही.

टिकाऊपणाचे हे दोन अर्थ वेगळे करून सांगितले हेन्री टॉब यांनी, १९५२ साली. त्यांची कसोटी फार व्यवहारी होती: नेहमीच्या तापमानाला, नेहमीच्या पातळ द्रावणात लिगँडांची अदलाबदल साधारण मिनिटभरात उरकत असेल तर कॉम्प्लेक्स चपळ, त्याहून जास्त वेळ लागत असेल तर सुस्त. रसायनशास्त्राच्या एवढ्या मोठ्या विभागणीची सीमारेषा एक मिनिट! द्रावणं मिसळून मापन सुरू करायला माणसाच्या हातांना जेवढा वेळ लागतो तेवढा हा वेळ. टॉबना १९८३ साली नोबेल मिळालं.

कोबाल्टची सगळी कारागिरी या सीमारेषेच्या दोन्ही बाजूंना खेळते. दोन धनभारांचा कोबाल्ट चपळ असतो, त्याच्यावरचं पाणी मायक्रोसेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात बदलतं. तीन धनभारांचा कोबाल्ट अमोनियासारख्या लिगँडांच्या घेऱ्यात सुस्त होतो. म्हणून कोणीही सुरुवातीलाच तीन धनभारांचा कोबाल्ट घेत नाही. गुलाबी कोबाल्ट क्लोराइड घ्यायचं, त्यात अमोनियम क्लोराइड आणि अमोनिया घालायचा, दार उघडं असतानाच पाहुण्यांना आपापल्या जागी बसवायचं आणि मग हायड्रोजन पेरॉक्साइडनं एक इलेक्ट्रॉन काढून घेऊन कडी लावायची. त्यातही एक गंमत आहे. सहाही जागांवर अमोनिया हवा असेल तर चिमूटभर कोळशाची पूड, ॲक्टिव्हेटेड चारकोल, टाकावी लागते. ती टाकली तर नारिंगी स्फटिक मिळतात. विसरलात तर पाच अमोनिया आणि एक क्लोराइड असलेलं गुलाबी-लाल कॉम्प्लेक्स हाती येतं. शेवटी कोळसा गाळून टाकायचा असतो, तो पदार्थात कुठेच राहत नाही.

हे नारिंगी, लाल, हिरवे, जांभळे कोबाल्ट क्षार एकोणिसाव्या शतकभर रसायनशास्त्रज्ञांना छळत होते. कोपनहेगनच्या सोफुस मॅड्स यॉर्गेनसेन यांनी ते आयुष्यभर निगुतीनं बनवले, शुद्ध केले, आणि अमोनियाच्या साखळ्या कल्पून त्यांची रचना समजावायचा प्रयत्न केला. १८९३ साली झुरिकच्या आल्फ्रेड वेर्नर या सव्वीस वर्षांच्या तरुणानं त्यातली बरीचशी माहिती वेगळ्या तऱ्हेनं मांडली: मध्ये धातू, भोवती सहा जागा, बाकीचे क्लोराइड बाहेर मोकळे. पुरावा म्हणून फार मोठी यंत्रं नव्हती. सिल्व्हर नायट्रेट घातलं की एका क्षारातून तिन्ही क्लोराइड साका होऊन बसतात, दुसऱ्यातून दोन, तिसऱ्यातून एकच. दुसरा पुरावा विद्युतवहनाचा. आर्तुरो मिओलाती यांच्याबरोबर त्यानं पातळ द्रावणांची वाहकता मोजली. तीन क्लोराइड मोकळे असतील तेव्हा ती ४३० च्या आसपास भरते, दोन असतील तेव्हा २६० च्या, एक असेल तेव्हा १०० च्या. तीन साधे आकडे, आणि त्यांच्यावर एका अख्ख्या शास्त्राचा पाया.

पण विरोधकांचं समाधान व्हायला अठरा वर्षं जावी लागली. वेर्नरची अष्टफलकी रचना खरी असेल तर काही कॉम्प्लेक्स उजव्या आणि डाव्या हातासारख्या दोन रूपांत मिळायला हवीत. ती वेगळी करायचं काम त्यानं व्हिक्टर किंग या अमेरिकन विद्यार्थ्याकडे दिलं. किंगनं केलेल्या स्फटिकीकरणांची संख्या दोन हजारांच्या घरात सांगतात. विरघळवायचं, थोडं आटवायचं, पहिले स्फटिक गाळायचे, उरलेल्यातून पुन्हा, मग पहिल्यांतून पुन्हा. शेवटी ब्रोमोकापूरापासून केलेलं, स्वतःच एकहाती असलेलं आम्ल वापरल्यावर १९११ साली दोन्ही रूपं सुटी झाली आणि ध्रुवित प्रकाशाला विरुद्ध दिशांना वळवू लागली. दोन वर्षांनी वेर्नरला नोबेल मिळालं. किंगच्या चिकाटीचं कौतुक सगळे करतात, पण कोबाल्टच्या सुस्तीचं श्रेय कोणी देत नाही. तिथे कोबाल्टऐवजी निकेल असतं तर उजवं रूप वेगळं करेपर्यंत त्यातलं निम्मं डावं होऊन बसलं असतं, आणि दोन हजारच काय, दोन लाख वेळा स्फटिक पाडूनही काही हाती लागलं नसतं. बंध न तोडताही असं रूप नुसत्या पिळानं पालटू शकतं. तो पीळ १९४३ साली कोलकात्यात प्रियदारंजन राय आणि दत्त यांनी सुचवला, आणि आज जगभर तो त्यांच्याच नावानं ओळखला जातो. आपल्याकडच्या वर्गांत मात्र हे क्वचितच सांगितलं जातं.

बनवलेली वस्तू काय आहे हे पटवून देणं, हा या कामाचा दुसरा अर्धा भाग. बीएस्सीला बनवतात ते हिरवं पोटॅशियम ट्रायऑक्झॅलॅटोफेरेट घेऊ. पाच ग्रॅम स्फटिक म्हणजे एक शतांश मोल, म्हणजे सहावर २१ शून्यं इतके कॉम्प्लेक्स आयन, साठ हजार परार्ध. समजा तुमचा नमुना ९९.९ टक्के शुद्ध आहे. परीक्षक खूश होतील, पण त्यात साठ परार्ध आयन परके आहेत. हे स्फटिक अंधारात वाळवावे लागतात, कारण निळा-जांभळा प्रकाश त्यांना मोडतो, आणि मोडतो तोही हिशेबानं: शोषलेल्या प्रत्येक फोटॉनमागे सुमारे सव्वा लोह आयन एक इलेक्ट्रॉन घेऊन दोन धनभारांवर येतो. एकापेक्षा जास्त कसा? पहिल्या विघटनातून सुटलेला तुकडा पुढच्या आयनालाही इलेक्ट्रॉन देऊन टाकतो. हॅचर्ड आणि पार्कर यांनी १९५६ साली या नेमकेपणाचा उपयोग करून याच क्षारापासून फोटॉन मोजायची पद्धत बसवली. ती अजून वापरात आहे.

रंगाची मोजणी स्पेक्ट्रोफोटोमीटरवर होते. दोन धनभारांचं मँगनीज पाण्यात इतकं फिकट गुलाबी असतं की पातळ द्रावण बिनरंगीच दिसतं; त्याची प्रकाश शोषायची क्षमता ०.०३ च्या आसपास. पाण्यातल्या कोबाल्टची ५, त्याच कोबाल्टभोवती चार क्लोराइड बसले की ६००, परमँगनेटची २,४००. बायपिरिडीनच्या तीन रेणूंनी धरलेल्या रुथेनियमची १४,६००. रुथेनियमचं द्रावण एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये जेवढा प्रकाश गिळतं तेवढा गिळायला त्याच तीव्रतेच्या मँगनीजच्या द्रावणाची क्युव्हेट जवळजवळ पाच किलोमीटर लांब हवी. मँगनीजच्या बाबतीत क्वांटमचे दोन-दोन नियम आडवे येतात, रुथेनियममध्ये इलेक्ट्रॉन थेट धातूवरून लिगँडवर उडी घेतो. या उडीनंतर काही डझन फेमटोसेकंदांत रेणू आपली स्पिन-अवस्था बदलतो आणि मग पाण्यात तब्बल ६०० नॅनोसेकंद तसाच चमकत थांबतो. ‘तब्बल’ शब्द इथे मुद्दाम वापरला आहे: बदलाला लागलेल्या वेळाच्या कोटीपटीहून जास्त हा वेळ.

चुंबकीय मापनाबद्दल थोडक्यात. नमुना चुंबकाच्या खांबांमध्ये टांगून वजन करायचं, काही मिलिग्रॅमांचा फरक पडतो, आणि त्यावरून धातूत एकटे इलेक्ट्रॉन किती ते कळतं: एक असेल तर चुंबकीय आघूर्ण १.७३, पाच असतील तर ५.९२. शांतिस्वरूप भटनागर आणि माथुर यांनी १९२८ साली लाहोरला याच कामासाठी जास्त नाजूक तराजू बांधला होता. एनएमआरचा प्रकार आणखी अजब आहे. ४०० मेगाहर्ट्झच्या यंत्रात दर दहा लाख प्रोटॉनांमागे फक्त बत्तीस जास्तीचे एका दिशेला असतात. बाकीचे एकमेकांना खोडून टाकतात आणि सगळा संदेश या बत्तिसांचा. प्रोटॉनचे सिग्नल साधारण दहा-बारा पीपीएमच्या पट्ट्यात मावतात. कोबाल्टच्या केंद्रकाचा पट्टा पसरतो सुमारे २०,००० पीपीएम. सहा सायनाइडांचं कॉम्प्लेक्स शून्यावर धरलं तर सहा अमोनियांचं आठ हजारांच्या पुढे जाऊन पडतं. लिगँड बदलला की केंद्रकाला इतकं कळतं.

आणि शेवटचा शब्द क्ष-किरणांचा. दोन दशांश मिलिमीटरचा एक बरा स्फटिक मिळाला की पुरे. त्यात रचनेचा एकच नमुना काही हजार लाख कोटी वेळा पुन्हा पुन्हा रचलेला असतो, म्हणूनच त्यावरून धातू आणि लिगँड यांच्यातलं अंतर पिकोमीटरच्याही काही दशांशांपर्यंत सांगता येतं. केंब्रिजला १९६५ पासून अशा रचनांचा संग्रह चालू आहे. २०१९ साली त्यात दहा लाखावी रचना जमा झाली. निम्म्याहून अधिक रचनांत धातू आहे.

दहा लाख पुष्कळ वाटतात, पण जॉर्ज पोल्या यांच्या सूत्रात आकडे घालून पाहा. झुरिकमध्येच राहणाऱ्या या गणितज्ञानं १९३७ साली एक प्रमेय मांडलं: वस्तू फिरवून जुळणाऱ्या मांडण्या एकच धरल्या तर एकूण वेगळ्या मांडण्या किती? अष्टफलकाच्या सहा टोकांसाठी ते वापरू. लिगँड दोन प्रकारचे असतील तर दहा कॉम्प्लेक्स. दहा प्रकारचे असतील तर ४३,४५०. शंभर प्रकारचे असतील, आणि एखाद्या बऱ्या प्रयोगशाळेच्या कपाटात शंभर लिगँड सहज निघतात, तर एकाच धातूची ४,१६७ कोटी ९६ लाख ७० हजार. सहाही लिगँड वेगळे असतील तर एका संचातूनच तीस रूपं होतात. मॉस्कोत एसेन आणि गेलमन यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला प्लॅटिनमवर सहा वेगवेगळे लिगँड एकेक करून चढवले आणि त्यांतली काही रूपं खरोखर वेगळी केली. धातू प्लॅटिनम होता हे सांगायला नकोच. चपळ धातूवर त्या सहा जणांनी क्षणात जागा बदलल्या असत्या. पोल्यांच्या कोट्यवधींपैकी बहुतेकांची हीच गत. कागदावर ती वेगळी आहेत, द्रावणात एकमेकांत मिसळून गेलेली.

मुक्काम लांब असण्याचाच नेहमी फायदा असतो असं नाही. सिसप्लॅटिन हे कर्करोगावरचं औषध इटलीच्या मिकेले पेरोने यांनी १८४४ साली बनवलं होतं. ते जैविक काम करतं हे १९६५ पर्यंत कोणाला माहीत नव्हतं. त्या वर्षी मिशिगनला बार्नेट रोझेनबर्ग यांच्या प्लॅटिनमच्या विद्युतघटांजवळ जीवाणू न विभागता तीनशे पट लांब वाढलेले दिसले. सिसप्लॅटिनवरचं क्लोराइड शरीराच्या तापमानाला सुमारे दोन तासांत निम्मं पाण्यानं बदलतं. पेशीच्या आत शिरून डीएनएला गाठायला हा वेळ बेताचा आहे. याच आकाराचं पॅलेडियमचं कॉम्प्लेक्स लाखपट चपळ आहे, आणि औषध म्हणून त्याचा काही उपयोग नाही: वाटेतच त्याचं सगळं सुटून जातं.

हृदयाच्या स्कॅनसाठी वापरतात ते टेक्नेशियमचं कॉम्प्लेक्स तर रोज सकाळी रुग्णालयातच बनवावं लागतं, कारण टेक्नेशियम-९९एम सहा तासांत निम्मं उरतं. आपल्याकडे वाशीच्या ब्रिट या केंद्र सरकारच्या संस्थेतून टेक्नेशियमची सामग्री देशभर जाते. एका रुग्णाला साधारण ७४० मेगाबेकरेल लागतात. तेवढ्या टेक्नेशियमचं वजन चार नॅनोग्रॅमही भरत नाही. अणू सुमारे २३,००,००० कोटी. या अणूंवर आयसोनायट्राइल प्रकारचे सहा-सहा लिगँड बसवायचे असतात. कुपीत हे लिगँड मोकळे ठेवलेले नसतात, ते तांब्यावर चढवून ठेवलेले असतात. एक मिलिग्रॅम तांब्याच्या कॉम्प्लेक्समध्ये गरजेच्या जवळजवळ एकोणतीस हजार पट लिगँड असतो. सोबत कथिलाचं थोडं क्लोराइड, टेक्नेशियमला इलेक्ट्रॉन पुरवायला. टेक्नेशियमचं द्रावण कुपीत टोचायचं आणि कुपी दहा मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवायची. तेवढ्यात तांबं आपल्याकडचे लिगँड सोडून देतं आणि टेक्नेशियम ते घेऊन घट्ट होतं. मग क्रोमॅटोग्राफीच्या पट्टीवर एक थेंब टाकून किमान ९० टक्के काम झालं आहे ना हे तपासतात, आणि सिरिंज भरतात.